तीन महिन्यांची साखळी, तीन दिवसांचा फैसला

१९७० च्या मार्चमध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ शार्लट शहरात उतरला, तेव्हा त्याने आपल्या कॉन्फरन्समधले चौदाच्या चौदा साखळी सामने जिंकलेले होते. प्रशिक्षक होते फ्रँक मॅग्वायर आणि संघाचा कणा होता जॉन रोश. उपांत्य सामन्यात रोशचा घोटा मुरगळला. तशाच पायाने तो अंतिम सामना खेळला, पण नेम काही लागेना. समोरच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने खेळ मुद्दाम संथ ठेवला होता. सामना दोनदा जादा वेळेत गेला. दुसऱ्या जादा वेळेत स्टेटच्या एड लेफ्टविचने बॉबी क्रेमिन्सच्या हातून चेंडू हिसकावून बास्केट केली आणि सामना ४२-३९ असा सुटला.

२०२३ च्या विश्वचषकात ओळीने दहा सामने जिंकून अहमदाबादला अकरावा हरण्याचं दुःख आपल्याला ठाऊक आहे. आपली निदान उपविजेते म्हणून तरी नोंद झाली. साउथ कॅरोलायनाच्या पदरात तेवढंही पडलं नाही. देशभरातल्या विद्यापीठांची जी राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए ही संघटना भरवते, तिच्यात तेव्हा एका कॉन्फरन्समधून एकच संघ जाई. एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, हा एक संघ साखळीतल्या गुणांवर पाठवत नसे. हंगामाच्या शेवटी होणारी तीन दिवसांची बाद स्पर्धा जो जिंकेल तो जाई, बाकीच्यांचा हंगाम तिथेच संपे. भरीस भर म्हणजे त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेचे पूर्व विभागाचे सामने कोलंबिया शहरात, साउथ कॅरोलायनाच्या स्वतःच्या स्टेडियममध्ये ठरलेले होते. यजमान घरी बसले आणि त्यांच्या अंगणात खेळायला नॉर्थ कॅरोलायना स्टेट आलं. यजमानपदामुळेच एनआयटी या दुसऱ्या स्पर्धेत जाण्याची वाटही त्यांना बंद होती.

तीन महिन्यांच्या साखळीत कोण सरस ते उघड दिसत असताना सगळं तीन दिवसांवर कशाला सोपवायचं? हा प्रश्न एसीसीच्या स्पर्धेला जन्मापासून चिकटलेला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. ही पद्धत अन्यायाचीच होती आणि त्या अन्यायामुळेच ही स्पर्धा मोठी झाली. पुढे अन्याय दूर होत गेला, तशी बड्या संघांच्या लेखी तिची किंमत उतरत गेली. तळाच्या संघांच्या लेखी मात्र ती आजही तेवढीच आहे, कदाचित जास्तच.

आता थोडं मागे जाऊ. अमेरिकेत एका भागातली काही विद्यापीठं एकत्र येऊन कॉन्फरन्स करतात, वर्षभर आपसात खेळतात, दूरचित्रवाणीचे आणि तिकिटांचे पैसे वाटून घेतात. दक्षिणेतल्या जुन्या सदर्न कॉन्फरन्समध्ये १९५३ पर्यंत सतरा विद्यापीठं झाली होती. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्यच होतं, त्यामुळे विजेता ठरवायला शेवटी बाद स्पर्धा घेणं ही तिथे चैन नव्हती, गरज होती. तशी स्पर्धा ते १९२० च्या दशकापासून घेत आले होते. पण कॉन्फरन्स फुटली ती बास्केटबॉलवरून नव्हे, फुटबॉलवरून. हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यांवर सदर्न कॉन्फरन्सने बंदी घातली, मेरिलँड आणि क्लेमसन यांनी ती मोडली, त्यांच्यावर कारवाई झाली. १९५३ च्या मे महिन्यात ग्रीन्सबरोजवळच्या सेजफील्ड इन या हॉटेलात सात विद्यापीठांनी वेगळी चूल मांडली. ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना स्टेट, वेक फॉरेस्ट, मेरिलँड, क्लेमसन आणि साउथ कॅरोलायना ही ती सात. वर्ष संपता संपता व्हर्जिनिया आठवं झालं.

आठच संघ असताना सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळावं आणि जो वर राहील त्याला विजेता म्हणावं, हे सोपं होतं. तरीही बाद स्पर्धेची जुनी रीत नव्या घरात आली. कारण सरळ होतं, पैसा. राली शहरात नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या आवारात १२,४०० आसनांचं रेनॉल्ड्स कोलिसियम उभं होतं आणि एव्हरेट केस नावाचा प्रशिक्षक ते भरून दाखवत होता.

हा केस भारी माणूस. इंडियानातल्या शाळांच्या बास्केटबॉलवर पोसलेला, १९४६ साली रालीला आला. दक्षिणेत तेव्हा फुटबॉलपुढे बास्केटबॉलला कोणी विचारत नसे. त्याने अंधार करून, झोत टाकून खेळाडू मैदानात आणायला सुरुवात केली. प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याचा जोर दाखवणारी दिव्यांची पट्टी बसवली. ते दिवे खरं तर एक माणूस बटणं दाबून लावायचा, असं सांगतात. जिंकल्यावर शिडी लावून बास्केटची जाळी कापायची प्रथाही त्यानेच इंडियानातून इकडे आणली. आज अमेरिकेत विद्यापीठांची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली की जाळी कापतात. १९५४ ची पहिली एसीसी स्पर्धा केसच्या संघाने वेक फॉरेस्टला जादा वेळेत ८२-८० असं हरवून जिंकली आणि पुढची दोन वर्षंही जेतेपद सोडलं नाही. पण १९५५ साली शिस्तभंगावरून त्याच्या संघावर एनसीएएची बंदी होती, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेला ड्यूक गेलं. नियमाबाहेर हात मारण्याची खोड केसला होती, हेही सांगायला हवं.

१९६४ च्या डिसेंबरात हंगाम नुकताच सुरू झाला असताना केसने आजारपणामुळे संघ सोडला. त्याच हंगामाच्या शेवटी त्याचा जुना संघ ड्यूकला ९१-८५ असं हरवून स्पर्धा जिंकला. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या लॅरी वर्स्लीने तीस गुण केले. मग पोरांनी म्हाताऱ्याला उचलून धरलं आणि जाळीचा शेवटचा धागा त्याच्याकडून कापून घेतला. पुढच्या वर्षी केस गेला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूला दिलं जाणारं पारितोषिक आज त्याच्याच नावाने आहे.

१९६१ साली कॉन्फरन्सने नियमावलीत लिहूनच टाकलं की बाद स्पर्धेचा विजेता तोच कॉन्फरन्सचा विजेता. साखळीत पहिलं येण्याला कागदोपत्री काही अर्थ उरला नाही. बाहेरच्या प्रशिक्षकांना हा शुद्ध जुगार वाटे. आपला सर्वात चांगला संघ राष्ट्रीय स्पर्धेला पाठवायचा सोडून हे लोक फासे टाकतात, अशी टीका होई आणि ती चूक नव्हती. पण टीकाकारांच्या नजरेतून एक गोष्ट सुटत होती. एका तिकिटासाठी आठ संघ झुंजतात तेव्हा पहिल्या दिवशी दुपारी होणारा पहिला आणि आठवा यांच्यातला सामनाही कोणाच्या तरी चार वर्षांच्या कारकिर्दीचा शेवटचा सामना असतो. त्या भीतीला प्रेक्षक मिळतो.

१९५७ चं उदाहरण घ्या. तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक असलेले हेच मॅग्वायर न्यूयॉर्ककडची पोरं घेऊन अख्खा हंगाम अपराजित होते. उपांत्य सामन्यात पुन्हा वेक फॉरेस्ट आडवं आलं. सामना संपत आला असताना लेनी रोझनब्लूथने बास्केट केली, टक्कर झाली, फाउल कोणाचा यावर लोक पुढे कितीतरी वर्षं भांडले, आणि नॉर्थ कॅरोलायना ६१-५९ असं सुटलं. पंचांची शिट्टी उलट वाजली असती तर त्या संघाचं नाव आज कोणी घेतलं नसतं. सुटले म्हणून ते राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तीन जादा वेळांनंतर ५४-५३ असं हरवून ३२-० वर थांबले. सी. डी. चेस्ली नावाच्या निर्मात्याने ते शेवटचे सामने कॅन्सस सिटीहून नॉर्थ कॅरोलायनातल्या घराघरांत दाखवले. लोकांची भूक त्याने ओळखली आणि पुढच्याच हंगामापासून एसीसीचे सामने नेमाने दूरचित्रवाणीवर येऊ लागले. पायलट लाइफ ही विमा कंपनी प्रायोजक होती आणि तिचं जाहिरातगीत त्या राज्यातल्या एका पिढीला अजून पाठ आहे. स्पर्धेच्या शुक्रवारी मास्तरच वर्गात टीव्ही ढकलत आणत, अशा आठवणी तिथले लोक हमखास सांगतात.

तिकिटं मिळेनाशी झाली. साठच्या दशकाच्या मध्यापासून ती खिडकीवर विकली जाणंच बंद झालं. सगळी तिकिटं विद्यापीठांकडे, आणि विद्यापीठांकडून ज्यांनी क्रीडानिधीला घसघशीत देणगी दिली त्यांच्याकडे. ‘आयर्न ड्यूक्स’, ‘वुल्फपॅक क्लब’, ‘रॅम्स क्लब’ अशी या देणगीदार मंडळांची नावं. विद्यार्थ्यांच्या नावाने चालणाऱ्या या खेळात विद्यार्थ्याला जागा मिळणं दुरापास्त झालं. स्पर्धेच्या थोरवीचे गोडवे गाताना या बाजूबद्दल फारसं बोललं जात नाही.

आणखी एका बाजूबद्दल बरीच वर्षं बोललं गेलं नाही. ही सारी गर्दी गोऱ्या खेळाडूंना पाहायला जमत होती. एसीसीमध्ये पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू उतरला तो १९६५ साली, मेरिलँडचा बिली जोन्स. नॉर्थ कॅरोलायनाने चार्ली स्कॉटला घेतलं ते त्यानंतर. १९६९ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला ड्यूक पुढे होतं. ड्यूकचे प्रशिक्षक व्हिक ब्युबस यांचा तो निवृत्तीआधीचा शेवटचा सामना. उत्तरार्धात स्कॉटने एकट्याने २८ गुण केले, सामन्यात ४०, आणि नॉर्थ कॅरोलायना ८५-७४ असं जिंकलं. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पत्रकारांनी मात्र त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही जॉन रोशला निवडलं. रोश मोठा खेळाडू होता यात शंका नाही. पण काही मतदारांनी स्कॉटला पहिल्या पाचांतही धरलं नव्हतं, आणि ते का, हे वेगळं सांगायला नको.

या एका तिकिटाच्या काळाचं शिखर म्हणजे ९ मार्च १९७४. ग्रीन्सबरो कोलिसियम, नॉर्थ कॅरोलायना स्टेट विरुद्ध मेरिलँड. देशातल्या क्रमवारीत स्टेट पहिलं, मेरिलँड चौथं. आदल्या वर्षीही अंतिम सामना याच दोघांत झाला होता, तेव्हा स्टेट अपराजित होतं आणि दोन गुणांनी जिंकलं होतं. पण त्या वर्षी स्टेटवर एनसीएएची बंदी असल्याने हरलेलं मेरिलँडच राष्ट्रीय स्पर्धेला गेलं. १९७४ मध्ये अशी सोय नव्हती.

स्टेटकडे डेव्हिड थॉम्प्सन होता, ज्याची उडी अजून दंतकथेसारखी सांगितली जाते. सात फुटांहून उंच टॉम बर्लसन होता आणि त्याच्या कोपराखालून धावेल असा मॉंटी टो. मेरिलँडकडे लेन एल्मोर, टॉम मॅकमिलन, जॉन लुकास. साखळीत अव्वल राहिल्याने स्टेटला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती. मेरिलँड ड्यूकला आणि मग नॉर्थ कॅरोलायनाला चक्क वीस गुणांनी झोडपून आलं होतं. वर्षाच्या सर्वोत्तम संघात मध्यवर्ती जागेसाठी बर्लसनऐवजी एल्मोरची निवड झाली होती आणि बर्लसनच्या ते जिव्हारी लागलं होतं. त्याने त्या रात्री ३८ गुण केले. मेरिलँडचे नेम असे लागत होते की मध्यंतराला ते ५५-५० पुढे होते. चाळीस मिनिटं संपली तेव्हा ९७-९७. तोवर ठराविक सेकंदांत नेम साधायला लावणारा शॉट क्लॉक नव्हता, तीन गुणांची रेषा नव्हती, तरीही धावफलक शंभराला टेकला होता. जादा वेळेत स्टेट १०३-१०० असं जिंकलं.

मेरिलँडचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रिसेल सामन्यानंतर स्टेटच्या बसमध्ये चढले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या पोरांचं कौतुक करून, राष्ट्रीय विजेतेपद जिंका म्हणून शुभेच्छा देऊन उतरले. स्टेटने ते शब्द खरे केले. दोनच आठवड्यांनी याच ग्रीन्सबरोत त्यांनी उपांत्य सामन्यात दोन जादा वेळांनंतर यूसीएलएची सलग सात वर्षांची सद्दी मोडली आणि मग अजिंक्यपद घेतलं. मेरिलँडने एनआयटीचं आमंत्रण नाकारलं. २३ विजय, ५ पराभव आणि पुढे काही नाही. त्या संघातला लुकास दोन वर्षांनी एनबीएच्या निवडीत देशात पहिला उचलला गेला, मॅकमिलन रोड्स शिष्यवृत्ती मिळवून पुढे अमेरिकी संसदेत गेला, एल्मोर वकील झाला. माणसं कुठेच कमी नव्हती. जागाच एक होती.

१९७५ पासून राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून दुसऱ्या संघालाही दार उघडलं. श्रेय सर्रास या एका सामन्याला दिलं जातं. मला ते थोडं अतिशयोक्त वाटतं. १९७१ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ २४-२ अशा कामगिरीनंतरही बाहेर राहिलं होतं, दोन्ही पराभव यूसीएलएकडून. साउथ कॅरोलायनाची गोष्ट वर सांगितलीच. अशी प्रकरणं साठत आली होती. पण ग्रीन्सबरोची ती रात्र पाहिल्यावर जुन्या नियमाची बाजू घेणं कोणालाही अवघड होतं, एवढं खरं. १९७५ साली एसीसी स्पर्धा नॉर्थ कॅरोलायनाने जिंकली आणि साखळीत अव्वल आलेलं मेरिलँडही राष्ट्रीय स्पर्धेला गेलं. १९८० मध्ये दोनाची मर्यादाही उठली, १९८५ मध्ये संघ ६४ झाले.

साउथ कॅरोलायना हे पाहायला एसीसीत उरलं नव्हतं. १९७१ साली त्यांनी एकदाची ही स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला ५२-५१ असं हरवून, आणि त्याच वर्षी ते कॉन्फरन्समधून बाहेर पडले. कारण १९७० चा पराभव नव्हता, प्रवेशासाठी किमान गुणांच्या अटीवरून चाललेला वाद होता. पण दुसऱ्या राज्यातून येऊन दरवर्षी नॉर्थ कॅरोलायनाच्याच मैदानांवर खेळायचं, हा सल जुना होता.

तो सल एकट्या साउथ कॅरोलायनाचा नव्हता. पहिली बावीस वर्षं ही स्पर्धा नॉर्थ कॅरोलायना राज्याबाहेर गेलीच नाही: आधी राली, मग मुख्यतः ग्रीन्सबरो आणि शार्लट. आठापैकी चार संघ याच राज्यातले. बाहेरच्यांपैकी कोणी पहिल्यांदा जिंकलं ते मेरिलँड, १९५८ मध्ये. १९७६ साली स्पर्धा प्रथमच राज्याबाहेर, वॉशिंग्टनजवळच्या लँडोव्हरला गेली आणि त्याच वर्षी सात संघांत सहाव्या मानांकनाच्या व्हर्जिनियाने वॉली वॉकरच्या जोरावर ती जिंकली. याला योगायोग म्हणायचं की तटस्थ मैदानाचा गुण, हे ज्याने त्याने ठरवावं. ड्रिसेलना हे जेतेपद मिळायला १९८४ उजाडलं. क्लेमसन संस्थापक सदस्य, पण २०२५ पर्यंत त्याला ही स्पर्धा एकदाही जिंकता आलेली नाही. ड्यूक २३, नॉर्थ कॅरोलायना १८, नॉर्थ कॅरोलायना स्टेट ११ असा २०२५ पर्यंतचा हिशेब आहे. बाकीच्यांनी उरलेलं वाटून घ्यायचं.

या स्पर्धेने खेळाच्या नियमांनाही हात लावायला भाग पाडलं. १९६८ च्या उपांत्य सामन्यात स्टेटचे प्रशिक्षक नॉर्म स्लोन यांना ड्यूकचे उंच खेळाडू बास्केटपासून बाहेर ओढायचे होते. ड्यूक बाहेर येईना. मग स्टेटच्या खेळाडूने मैदानाच्या मध्याजवळ चेंडू धरून उभं राहायचं आणि सगळ्यांनी बघत बसायचं, असा प्रकार कितीतरी मिनिटं चालला. मध्यंतराला ड्यूक ४, स्टेट २. शेवटी स्टेट १२-१० असं जिंकलं. पुढच्या रात्री हाच संघ नॉर्थ कॅरोलायनाकडून ८७-५० असा उडाला.

तेव्हा लोकांनी हसून सोडून दिलं. १९८२ साली हसू आलं नाही. अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया यांच्यात, देशभर प्रक्षेपण. एका बाजूला जेम्स वर्दी, सॅम पर्किन्स आणि पहिल्याच वर्षाला असलेला मायकेल जॉर्डन, दुसऱ्या बाजूला राल्फ सॅम्प्सन. यापेक्षा देखणी जुळणी त्या वर्षी देशात नव्हती. ४४-४३ अशी आघाडी असताना, सात मिनिटांहून जास्त वेळ बाकी असताना, नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी आपली ‘फोर कॉर्नर्स’ची चाल लावली. चार खेळाडू चार कोपऱ्यांत, एक मध्ये, चेंडू फिरवत ठेवायचा. व्हर्जिनिया आपला झोन बचाव सोडून पुढे येईना. अमेरिकेतले सर्वोत्तम खेळाडू उभे राहून घड्याळ पाहत होते. ४७-४५. स्मिथ यांनी नियम मोडला नव्हता आणि मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. जिंकणं हेच त्यांचं काम होतं. पण दूरचित्रवाणीवर हे कोण पाहणार? पुढच्याच हंगामात एसीसीने तीस सेकंदांचा शॉट क्लॉक आणि १७ फूट ९ इंचांवरची तीन गुणांची रेषा वापरून पाहिली. इतक्या जवळून तीन गुण म्हणजे खैरातच होती. देशभर ४५ सेकंदांचा क्लॉक १९८५-८६ मध्ये आला, १९ फूट ९ इंचांवरची रेषा त्याच्या पुढच्या वर्षी.

त्या प्रयोगाच्या वर्षीच, १९८३ मध्ये, स्पर्धेचं नवं रूप समोर आलं. जिम व्हॅल्व्हानो यांचा नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा संघ १७ विजय आणि १० पराभव घेऊन अटलांटाला आला. एवढ्या कामगिरीवर राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण येण्याची खात्री नव्हती. वेक फॉरेस्टवर एका गुणाने, जॉर्डनच्या नॉर्थ कॅरोलायनावर जादा वेळेत, सॅम्प्सनच्या व्हर्जिनियावर ८१-७८ असे तीन विजय मिळवून त्यांनी दार स्वतः उघडलं आणि पुढे ह्यूस्टनला ५४-५२ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपदही घेतलं. सॅम्प्सन चार वर्षं खेळला आणि एसीसी स्पर्धा एकदाही न जिंकता गेला. जुन्या काळी ही स्पर्धा चांगल्या संघाला बाहेर काढत असे. आता ती कमकुवत संघाला आत घेऊ लागली.

बाकीच्या अमेरिकेने जुगार म्हणून नावं ठेवली, पण गल्ल्याकडे पाहून एकेकाने तीच वाट धरली. बिग ईस्टने १९८० मध्ये, बिग टेनने १९९८ मध्ये. आयव्ही लीग साखळीच्या विजेत्यालाच पाठवण्याच्या तत्त्वाला सर्वात जास्त काळ चिकटून राहिली, तिनेही २०१७ मध्ये मान तुकवली.

एसीसी स्वतः मात्र पसरत गेली. जॉर्जिया टेक आलं. त्यांना १९८५, १९९० आणि १९९३ अशी तीन जेतेपदं मिळवून देणारा प्रशिक्षक होता बॉबी क्रेमिन्स, ज्याच्या हातून १९७० साली चेंडू गेला होता तोच. मग फ्लोरिडा स्टेट, मायामी, व्हर्जिनिया टेक, बॉस्टन कॉलेज, सिरॅक्यूज, पिट्सबर्ग, नोत्र दाम, लुईव्हिल. मेरिलँड २०१४ मध्ये बिग टेनला गेलं. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड आणि एसएमयू आले, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्सचे दोन सदस्य प्रशांत महासागराकाठी आहेत. २००१ ला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये एका सत्राला चाळीस हजारांवर लोक बसले, २०१७ ला स्पर्धा ब्रुकलिनला गेली. ग्रीन्सबरोच्या लोकांनी नाकं मुरडली ती उगाच नव्हे. सगळे एकमेकांच्या तालुक्यातले असण्यात जी खुन्नस होती, ती विमानाने येणाऱ्या पाहुण्यांत कुठून येणार? मात्र या पसाऱ्यामुळे बाद स्पर्धेची बाजू अनपेक्षितपणे बळकट झाली. अठरा संघांत सगळे सगळ्यांशी दोनदा खेळत नाहीत, कोणाच्या वाट्याला सोपे प्रतिस्पर्धी येतात, कोणाच्या कठीण. सदर्न कॉन्फरन्सची सतरा संघांची जी अडचण होती, तीच सत्तर वर्षांनी फिरून आली आहे. साखळीचा अव्वल क्रमांक आता पूर्वीइतका निर्विवाद राहिलेला नाही.

करोनाच्या वर्षाचा उल्लेख ओघात. १२ मार्च २०२० रोजी ग्रीन्सबरोत उपांत्यपूर्व सामन्याआधी संघ सराव करत असताना स्पर्धा रद्द झाली आणि साखळीत अव्वल असलेल्या फ्लोरिडा स्टेटच्या हाती रिकाम्या मैदानावर चषक देण्यात आला. साखळीतल्या अव्वल क्रमांकावर चषक मिळण्याची एसीसीच्या इतिहासातली ही एकमेव वेळ.

आज बड्या संघांना या स्पर्धेचं किती पडलं आहे, हे पाहायचं तर २०२५ पाहा. शार्लटच्याच त्या स्पर्धेत ड्यूकचा सर्वोत्तम खेळाडू कूपर फ्लॅगचा घोटा उपांत्यपूर्व सामन्यात मुरगळला. त्याला पुढचे दोन्ही सामने बसवून ठेवलं. ड्यूक त्याच्याशिवायही जिंकलं, पण हरलं असतं तरी राष्ट्रीय स्पर्धेतली जागा पक्की होती, म्हणून बसवणं परवडलं. रोशला १९७० साली असं बसवण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. खेळाडूच्या पायाचा विचार करता आजची व्यवस्था शंभरपट बरी आहे, आणि सामना म्हणून ती पूर्वीच्या पासंगालाही पुरत नाही. दोन्ही एकदम खरं आहे.

तळाकडून पाहिलं तर चित्र निराळं. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट १७-१४ अशी कामगिरी घेऊन दहाव्या मानांकनाने वॉशिंग्टनला आलं. शेवटचे चारही साखळी सामने ते हरले होते. जेतेपदासाठी पाच दिवसांत पाच सामने जिंकायचे होते, जे एसीसीत कोणी केलं नव्हतं. लुईव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक असे तीन झाले. चौथ्यात व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांनी मागे, सेकंद मोजून उरलेले. मायकेल ओकॉनेलने धावत येऊन लांबून फेकलेला चेंडू फळीवर आपटून आत पडला आणि बरोबरी झाली. जादा वेळेत विजय. पाचव्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनावर ८४-७६. लठ्ठ देहाचा, हसतमुख डी. जे. बर्न्स स्पर्धेचा मानकरी ठरला. १९८७ नंतरचं ते स्टेटचं पहिलं जेतेपद. तिथून अकराव्या मानांकनाने ते राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचले. साखळीच्या गुणांवर निवड झाली असती तर हा संघ घरी बसला असता, आणि तसं होणं न्याय्यच ठरलं असतं. अशा न्यायापेक्षा मला ते पाच दिवस जास्त मोलाचे वाटतात. साउथ कॅरोलायनाचं १९७० सालचं नुकसान लक्षात ठेवूनही.

कॉन्फरन्सच्या कारभाऱ्यांना तसं वाटत नसावं. अठरा सदस्य झाल्यावर त्यांनी स्पर्धेला पंधराच संघ घ्यायचं ठरवलं, तळाच्या तिघांना प्रवेशच नाही. नियम पहिल्यांदा लागू झाला तो २०२५ साली. त्या वर्षी जे तीन संघ दाराबाहेर राहिले, त्यांत बॉस्टन कॉलेज आणि मायामी यांच्याबरोबर गतविजेतं नॉर्थ कॅरोलायना स्टेट होतं.